माणसांत वाढलेला हंस कोणाकडे द्यावा: कळपात, घरात की निवाऱ्यात?

इथे हंस म्हणजे बदकाहून मोठा, गवत चरणारा पाळीव पक्षी. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल, त्यालाच त्याचं पिल्लू आई मानतं. कॉनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या मागे कलहंसाची पिल्लं रांगेनं चालायची ती याच ओढीनं. प्राण्यांच्या वर्तनावरच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल मिळालं त्या तिघांपैकी ते एक. तुमच्या हंसाची ती आई तुम्ही आहात. म्हणून नवी जागा शोधताना आवार केवढं आहे, तळं आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, दिवसभर त्याच्या सोबतीला कोण असणार आहे?

ज्यांच्याकडे आधीपासून हंस आहेत असं ठिकाण, किंवा ज्या घरात कोणीतरी सतत असतं पण दुसरा हंस नाही असं ठिकाण, बहुतेकांची निवड या दोनांत अडकते. मन दुसऱ्याकडे झुकतं, कारण तिथे त्याला आपल्यासारखंच कोणीतरी मांडीवर घेईल असं वाटतं. मी मात्र कळपाच्या बाजूची आहे.

हंस नीट सांभाळला तर वीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. एवढ्या वर्षांत माणसं कामाला जातात, आजारी पडतात, घरं बदलतात. कळप कुठे जात नाही. तो एकत्र चरतो, एकत्र झोपतो, एकानं धोक्याचा आवाज दिला की सगळ्यांच्या माना वर होतात. एकटा हंस ही सगळी कामं माणसाकडून करून घेऊ पाहतो, आणि माणूस घराबाहेर पडला की ओरडत राहतो.

पण कळपात सोडलं आणि झालं, असंही नसतं. आपण हंस आहोत हेच त्याला धड माहीत नसतं. माझी मादी दिली तेव्हा ती कितीतरी दिवस इतर हंसांकडे पाठ करून कुंपणाशी उभी राहायची आणि माणूस दिसला की हाका मारायची. मी ते पाहून रडले, तिला परत आणायला निघाले होते. तिथल्या काकू म्हणाल्या, "थोडं थांब गं, तिला अजून कळायचंय." त्यांनी मध्ये जाळी ठेवून तिची आणि कळपाची पाण्याची बादली जाळीलगत ठेवली होती. पाण्यापाशीच ओळख झाली.

म्हणून कळपवाल्यांना विचारायचे प्रश्न वेगळे. नवीन पक्षी महिनाभर तरी वेगळा ठेवता का? पाणपक्षी बर्ड फ्लूसारखा आजार लक्षणं न दाखवताही बाळगू शकतात, तेव्हा हा प्रश्न त्यांच्याही हिताचा आहे. नर किती, माद्या किती? तुमचा नर असेल आणि तिथे आधीच नर जास्त असतील तर मारामाऱ्या ठरलेल्या. विणीच्या हंगामात तर नवा पक्षी नेऊच नये, तेव्हा शांत नरही अंगावर येतो. आणि हे पक्षी हौसेनं पाळलेत की कापायला, हे संकोच न करता स्पष्ट विचारा.

घराची बाजू बघू. माणसावर जीव जडलेला नर वयात आला की त्याच माणसाला जोडीदार समजू लागतो आणि घरातल्या बाकीच्यांना हुसकावतो. चोच आणि पंखाचा फटका दोन्ही जोरात लागतात, लहान मुलाला तर फारच. "मुलांना हौस आहे" हे कारण सांगणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणेन. शेजाऱ्यांना आवाज चालेल का, हेही पाहायला हवं. कोंबड्या आहेत, सोबत होईल, असं कोणी म्हणालं तरी हुरळून जाऊ नका. कोंबडी हंसाची जागा घेत नाही, आणि नर हंस कोंबडीवर चढला तर तिला इजा होते. हेच घर दुसरा हंस आणायला मनापासून तयार असेल, तर मात्र माझा कौल बदलतो. शांत घर आणि सोबतीला एक हंस, हे मोठ्या दांडग्या कळपापेक्षाही बरं.

प्राण्यांचे निवारे बहुधा भरलेले असतात. लंगडणाऱ्या, पंख वाकडा झालेल्या किंवा सतत औषध लागणाऱ्या हंसासाठी ते पाहा. पक्ष्यांचा डॉक्टर जोडलेला आहे का आणि ते पुढे पक्षी आणखी कोणाला देतात का, एवढं विचारा.

तळ्यावर नेऊन सोडणं हा पर्यायच नाही. पाळीव हंसाचं अंग जड, त्याला धड उडता येत नाही, कुत्र्याची भीती त्याला शिकवलेली नाही, आणि पुष्कळ ठिकाणी असं सोडणं कायद्यानं गुन्हाही आहे.

एक मात्र स्वतःला विचारा. तो सतत मागे लागतो, ओरडतो, म्हणूनच द्यायचा आहे का? तसं असेल तर कदाचित त्याला नव्या घराची नाही, दुसऱ्या हंसाची गरज आहे. जागाच सुटत असेल तर गोष्ट वेगळी.

देण्याआधी दोन-तीनदा त्याला घेऊन तिथे जा, गवतावर शेजारी बसा. रोजचं खाद्य थोडं बरोबर द्या, म्हणजे बदल हळूहळू होईल. अख्खं डोकं बुडेल इतकं खोल पाणी लागतं, डोळे आणि नाकपुड्या तो त्यातच धुतो, हे सांगा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य त्याला रोजचं देऊ नका म्हणावं, त्यातलं कॅल्शियम नराला आणि वाढत्या पिल्लाला जास्त होतं. रात्री पक्कं दार असलेलं खुराडं हवंच. त्याला हाक कशी मारता, ती त्यांच्यासमोर मारून दाखवा, त्यांनाही मारू द्या. आणि जमलं नाही तर तो आणखी कोणाच्या हाती न देता आधी तुम्हाला फोन करायचा, हे तेव्हाच कबूल करून घ्या.