आम्हाला दाखवली कंपनी, कंपनीला दाखवले आम्ही

नाशिकच्या पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको या भागातल्या सोसायट्यांमध्ये दिवाळीच्या आधी एक गृहस्थ फिरतात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या गरजू कुटुंबांना शिधा आणि ब्लँकेटं देण्याचं काम करतो, असं सांगतात. २०२४ च्या दिवाळीआधी ते आमच्याकडे आले होते. आता दुसऱ्या नावाने गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये त्यांची बैठक झाल्याचं कानावर आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. नाव देत नाही. पोलिसांत अर्ज दिलेला आहे आणि नाव ते तसंही बदलतात. पद्धत बदललेली दिसत नाही, तेव्हा तीच सांगते.

पहिल्या भेटीत त्यांनी पैशाचा विषयच काढला नाही. आमची भिशी होती, ओळखीच्या एका ताईंनी त्यांना आणलं होतं. "ताई, पैसे देणारे खूप भेटतात हो, सोबत येणारी माणसं मिळत नाहीत. तुम्ही एकदा पाड्यावर या, डोळ्यांनी बघा, मग ठरवा." देणगी मागायला आलेला माणूस आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणतो, याने आमच्यातल्या निम्म्या बायका तिथेच विरघळल्या. बोलणं मृदू, शर्ट पांढराशुभ्र, गळ्यात ओळखपत्र, हातात संस्थेचं माहितीपत्रक. त्यावर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, देणगीवर आयकरात वजावट देणाऱ्या ८०जी कलमाचा उल्लेख, सगळं जिथल्या तिथे.

दुसऱ्या भेटीत कंपनी आली. म्हणजे कंपनीचं कुणी आलं नाही, कंपनीचं पत्र आलं, तेही मोबाईलवर. अंबड एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या तिच्या निधीतून, या उपक्रमाला मदत करणार, आणि रहिवासी जेवढे जमवतील तेवढीच भर कंपनी घालणार. एका कुटुंबाला १५०० रुपयांचा संच. आपण एक दिला की कंपनीचा एक, म्हणजे दोन घरांची दिवाळी. "फक्त आपला हिस्सा आधी दाखवावा लागतो, मग त्यांचा चेक निघतो."

ही थाप पचते, कारण ती पूर्ण खोटी नाही. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालणाऱ्या कंपन्या खरोखर आहेत. पण सीएसआरचा पैसा असा चेक फाडून कुणाच्याही हातात देता येत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ५०० कोटींची निव्वळ मत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकात बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. हा तिच्यावरचा बोजा आहे. पाथर्डी फाट्याच्या बायकांनी आधी वर्गणी काढली तरच तो उतरतो, असं कायद्यात कुठेही नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून वेगळा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आमच्या या सरांना तो क्रमांक विचारला असता, तर त्यांनी तोही एखादा ठोकून दिला असता म्हणा.

पैसे क्यूआर कोडवर द्यायचे होते. स्कॅन केल्यावर ट्रस्टचं नाव येत नव्हतं, कुठल्याशा एंटरप्रायझेसचं येत होतं. आमच्या इमारतीतल्या एका मुलाने ते लगेच बोलून दाखवलं. उत्तर तयार होतं: ट्रस्टचं खातं ऑडिटमुळे तात्पुरतं थांबवलंय, हे आमच्या पुरवठादाराचं खातं आहे, पैसे थेट मालालाच जातात. आमचे एक काका म्हणाले, मग आम्ही किराणा दुकानदाराचं बिलच थेट भरतो, रविवार कारंज्यावर माझ्या ओळखीचं दुकान आहे. यावर सर हसले आणि म्हणाले, "काका, या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, आणि तुम्ही दानाचं बिल मागताय?" सगळे हसले. काकांनीही मुकाट्याने पैसे दिले. सोसायटी आणि भिशी मिळून लाखाच्या वर रक्कम गेली. कॉलेजच्या मुलांकडून स्वयंसेवक म्हणून टी-शर्ट आणि ओळखपत्राचे ३०० रुपये वेगळे घेतले, प्रमाणपत्र मिळणार या बोलीवर.

मग वाटपाला गेलो. पेठ रोडने सावळघाट उतरून पुढे आत, एका पाड्यावर. भाताची कापणी चाललेली होती. ती उरकली की यातली बरीच घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांमध्ये मजुरीला जातात, तेव्हा शिधा हवा तर याच दिवसांत हवा, हे सरांचं म्हणणं अगदी खरं होतं. पाडा खरा, माणसं खरी, गरज तर शंभर टक्के खरी. म्हणूनच आधी काही वावगं दिसलं नाही.

शाळेच्या ओट्यावर बायकांना ओळीने बसवलं, मागे आमच्या सोसायटीच्या नावाचा फ्लेक्स बांधला, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी ठेवली, फोटो झाले. उठणाऱ्या बायकांना सरांनी हाताने थांबवलं. टेम्पोतून दुसरा फ्लेक्स निघाला, त्या कंपनीच्या नावाचा. त्याच बायका, त्याच पिशव्या, पुन्हा फोटो. "कंपनीलाही दाखवावं लागतं ना ताई, भर घालतायत ते." ठीक आहे, म्हटलं. मग तिसरा फ्लेक्स निघाला. तो कुणाचा होता ते नीट वाचताही आलं नाही, कारण आम्हाला तेवढ्यात मुलांना खाऊ वाटायला पलीकडे नेलं. परत आलो तर काही पिशव्या टेम्पोत चढत होत्या. "या पुढच्या पाड्याच्या."

एका म्हाताऱ्या आजींची पिशवी मी हातात घेतली होती. दवाने ओली झाली होती आणि वरच्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. नखाने थोडा ओढला तर खाली दुसरा स्टिकर, भलत्याच एका संस्थेचा, आदल्या वर्षीच्या सालासकट. पिशवीत तांदूळ ३ किलो भरतील, अर्धा किलो डाळ, तेलाची एक छोटी पिशवी, मीठ, बिस्किटांचे पुडे. माहितीपत्रकावर १० किलो तांदूळ, २ किलो तूरडाळ, २ लिटर तेल, साखर, चहा आणि ब्लँकेट होतं. ब्लँकेट फक्त पहिल्या रांगेला मिळालं, फोटोत पहिली रांगच येते. आजींना विचारलं, हे दरवर्षी येतात का? म्हणाल्या, "येत्यात ना बाय. आधारची झेराक नेत्यात, अंगठा घेत्यात, फोटू काढत्यात." कशावर अंगठा दिला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तिथेच तो कागद बघायला मागितला. यादी गाडीत आहे, नंतर ग्रुपवर टाकतो, असं उत्तर मिळालं. ती यादी कधी आली नाही.

परतताना गाडीत दोन तट पडले. मी स्टिकरचं सांगितलं तर एक जण म्हणाल्या, जुन्या पिशव्या वापरल्या असतील, त्यात काय एवढं. दुसऱ्या म्हणाल्या, काही का असेना, गरिबाच्या पोटात चार घास तर गेले. या वाक्यापुढे कुणालाच बोलता येत नाही, आणि या धंद्याचं भांडवल हेच वाक्य आहे, असं माझं स्पष्ट मत झालंय. चार घासांच्या नावाखाली चाळीस घासांचे पैसे घेतले, तर छत्तीस कुठे गेले हे विचारणारा दुष्ट कसा ठरतो?

पुढे उलगडा झाला तो कंपनीमुळे. आमच्या शेजारच्या विंगमधला एक जण त्याच कंपनीत कामाला आहे, पण वेगळ्या विभागात. त्याने सीएसआर बघणाऱ्या साहेबांना सहज विचारलं, तर त्यांनी कौतुकाने एक सादरीकरण दाखवलं. त्यात आम्ही होतो! टी-शर्ट घातलेली आमची मुलं, खाऊ वाटणाऱ्या आम्ही, खाली ओळ: "संस्थेचे प्रशिक्षित स्वयंसेवक". कंपनीला सांगितलं होतं की या भागातल्या सोसायट्या आमच्यामागे उभ्या आहेत, रहिवासी मोठी रक्कम घालतायत, तुम्ही फक्त थोडी भर घाला. त्यांनी रोख काही दिलं नव्हतं, पण ब्लँकेटं दिली होती. भर घालण्याचं कुठलंही पत्र त्यांच्याकडून निघालेलं नव्हतं. आमच्या मोबाईलवर आलेलं पत्र त्या साहेबांनी पाहिलं आणि वरचं बोधचिन्हसुद्धा जुनं असल्याचं सांगितलं.

म्हणजे आम्ही कंपनीच्या नावावर विश्वास ठेवला, कंपनीने आमच्या चेहऱ्यांवर, आणि अंबड ते पाथर्डी फाटा एवढ्या हाकेच्या अंतरात दोघांनी एकमेकांना एक फोन केला नाही. तो होऊ नये एवढीच काळजी मधल्या माणसाने घेतली. कंपनीचा फोन नंबर मागितला की साहेब टूरवर, आणि कंपनीने आम्हाला भेटायचं म्हटलं की ताई लोक गावाला.

उरलेलं पावत्यांनी उघडं पाडलं. आमचे ते काका जुन्या करप्रणालीतून विवरणपत्र भरतात, त्यांना वजावट हवी होती. (नव्या प्रणालीत ८०जी ची वजावट मिळतच नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. सर मात्र सरसकट सगळ्यांना "टॅक्स वाचतो" सांगत होते.) संस्थेला मागच्या आर्थिक वर्षातल्या देणग्यांची माहिती ३१ मेपर्यंत १०बीडी अर्जात आयकर खात्याला द्यावी लागते आणि देणगीदाराला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यात देणगीदाराचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक लागतो. आमच्यापैकी एकाचाही असा क्रमांक पावती फाडताना विचारला गेला नव्हता. ज्या पावतीवर ८०जी छापलंय आणि असा कुठलाच क्रमांक मागितलेला नाही, ती पावती दिखाव्याची आहे, एवढं ओळखायला सीए लागत नाही. शिवाय २००० रुपयांवरची देणगी रोख दिली तर वजावट मिळत नाही, आणि काही जणांकडून यांनी ५-५ हजार रोख नेले होते.

काकांनी मग माहितीपत्रकावरचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शोधला. ट्रस्ट निघाला खरा, पण जिल्ह्याबाहेरचा, शाळा चालवणारा. त्यांना फोन केला तर त्यांनी या गृहस्थांचं नावही ऐकलेलं नव्हतं, आणि आपला क्रमांक असा गावभर फिरतोय हे कळल्यावर तेच जास्त घाबरले. क्रमांक खरा आहे का, एवढं बघून भागत नाही. तो कुणाचा आहे, विश्वस्त कोण आहेत आणि पैसे जाणारं खातं त्याच नावाचं आहे का, हे तिन्ही एका ओळीत जुळायला हवं. नोंदणी नसलेल्या कुणालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची वाट धरावी लागते. आपली गणेश मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात. गल्लीतलं मंडळ जे करतं, ते सीएसआरच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने केलेलं नसेल, तर समजून जावं.

सरांना जाब विचारल्यावर आधी हिशेब देतो म्हणाले, मग फोन उचलणं बंद, मग एका वकिलाच्या नावाने बदनामीच्या दाव्याचा मेसेज. त्या मेसेजने आमच्या ग्रुपमधले बरेच जण गळाले. जाऊ दे, दान केलं ते केलं, देव बघतोय, वगैरे. राहिलो ते मोजके. आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा तक्रार अर्ज पोलीस ठाण्यात दिला आणि त्याची प्रत धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवरही तक्रार करता येते, पण ती जितकी लवकर तितकं बरं. आम्हाला सगळं कळेपर्यंत महिने उलटले होते, खात्यात काय राहणार? चौकशी चालू आहे. पैसे परत आलेले नाहीत.

पाड्यावरच्या लोकांचं काय, असं मला बऱ्याच जणी विचारतात. आम्ही थोड्या जणी त्यानंतर तिथल्या शाळेच्या गुरुजींना विचारून गेलो. त्यांनी सांगितलं, तांदूळ इथे प्रत्येक घरात पिकतो, निदान या दिवसांत तरी. डाळ, तेल आणि मुलांच्या अंगावर थंडीचे कपडे हवेत. इतकी वर्षं गाड्या भरून तांदूळ येतोय, पण काय हवं हे विचारायला कुणी थांबत नाही. तेल-डाळीचं बिल आम्ही दुकानात भरलं, माल गुरुजींसमोर उतरवला, यादी शाळेत ठेवली. फ्लेक्स नव्हता. फोटोसाठी बायका सवयीने ओळीत बसायला लागल्या, त्यांना उठवावं लागलं.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. अन्नछत्र, साधूंची सेवा, भाविकांना औषधं, अशा नावांनी नाशकात पावत्या फाटणार आणि प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं बोधचिन्ह असणार. कंपनी स्थानिक असेल तर सातपूर-अंबड काही लांब नाही. गेटवर जाऊन सीएसआर कोण बघतं ते विचारा आणि त्यांच्याशी स्वतः बोला. "आमच्यामार्फतच बोलावं लागतं" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

आणि २०२४ च्या दिवाळीत ज्यांनी पिवळ्या कागदावरच्या, वर दिव्याचं चित्र असलेल्या पावत्या घेतल्या असतील, त्यांनी त्या फेकू नका. बँकेच्या उताऱ्यातला व्यवहार क्रमांक, क्यूआर स्कॅन केल्यावर आलेलं नाव, ग्रुपवरचे मेसेज, जे असेल ते छापून आपापल्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. सिडकोतल्या दोन सोसायट्यांनी तयारी दाखवली आहे. रक्कम ५०० रुपयांची असली तरी चालेल, अर्जांची संख्या वाढली की तपास एका माणसापुरता राहत नाही, असं आम्हाला ठाण्यातच सांगितलं गेलंय.