भाताचं तूस: छपराखाली झकास, उघड्यावर वाया

खानापूर-बेळगाव पट्ट्यात राइस मिलमधून पोत्यानं मिळणारं तूस कोंबड्यांच्या आवारातल्या चिखलावर टाकायला घेत असाल, तर आधी वर छप्पर आहे का बघा. तूस हलकं, खानापूरकडची एक जोरदार सर ते गटाराला लावते. छपराखाली मात्र छान चालतं. पाणी फार पीत नाही, लवकर कुजत नाही, कोंबड्या उकरतात तसं वरखाली होत राहतं. फक्त जुन्या हलर गिरणीचं (जी तूस आणि कोंडा एकत्रच काढते) नको: त्यात कोंडा मिसळलेला बारीक चुरा असतो, तो ओल धरतो.

उघड्यावर सॉ मिलमधल्या जाड ढलप्याच. बारीक भुसा भिजला की लगदा होऊन बसतो, वर बुरशी. दहा बाय दहा फुटांना चार इंच थर म्हणजे साधारण 33 घनफूट माल. त्याआधी वरचा चिखल खोऱ्यानं ओढून काढा, उताराला वीतभर खोल चर मारा, पागोळ्यांचं पाणी बाहेर वळवा. नाहीतर पैसे घालून चिखलच जाड केला म्हणायचं.

छपराखालचं तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर बदला. ओल्यातच रक्ती हगवण बळावते. वर चुनकळी (न विझवलेला चुना) फेकू नका, कोंबड्यांचे पाय भाजतात.