एक सर्व्हर पडला तरी काट्यावरची नोंद चालू: जेटी या वेब सर्व्हरच्या सेशन फेलओव्हरचा आठ महिन्यांचा अनुभव

देवगड तालुक्यातल्या आमच्या आंबा संकलन केंद्रात मे महिन्यातल्या संध्याकाळी काट्यापुढे टेंपोंची रांग लागते. बागायतदार कॅनिंगला आंबा घालायला येतो, क्रेट एकेक करून काट्यावर चढतात, काट्याशी बसलेली ताई टॅबवर प्रत्येक क्रेटचं वजन भरत जाते आणि शेवटचा क्रेट उतरला की पावती निघते. एका टेंपोत पन्नास-साठ क्रेट सहज असतात. पावती निघेपर्यंत ही सगळी वजनं सर्व्हरच्या सेशनमध्ये, म्हणजे त्याच्या मेमरीत असतात. चाळिसाव्या क्रेटला सर्व्हर बंद पडला की चाळीसही वजनं गेली.

गेल्या हंगामात हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी एक काका मला म्हणाले, "परत सगळे क्रेट काट्यार चढवूचे काय रे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. सकाळपासून झाडावर असलेला माणूस तो. त्या रात्रीच ठरवलं की पुढच्या हंगामाआधी याचा बंदोबस्त करायचाच. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवी मांडणी चालू केली आणि आता ऑक्टोबर संपतोय. या आठ महिन्यांत जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण मला हवी असलेली माहिती एका जागी कुठेच मिळाली नव्हती.

आमचा प्रोग्राम जावात आहे आणि वेब सर्व्हर त्याच्या पोटातच आहे. वेगळा सर्व्हर बसवून त्यात प्रोग्राम टाकायचा असं नाही. एक जार फाइल चालवली की सर्व्हरसकट सगळं उभं राहतं. छोट्या केंद्राला हे फार सोयीचं. दोन मशीनवर तीच जार चालवायची आणि पुढे दोघांत काम वाटणारा एक लोड बॅलन्सर बसवायचा, एवढं कोणीही करील. पण दुसरा सर्व्हर उभा केला म्हणजे फेलओव्हर, म्हणजे एक पडला की दुसऱ्याने त्याचं काम पुढे चालवणं, झाला असं नाही. पहिल्यावर अर्धवट राहिलेली नोंद दुसऱ्यावर जशीच्या तशी पोहोचली तरच ताईच्या आणि काकांच्या दृष्टीने काही घडलं.

सुरुवात मी एम्बेडेड टॉमकॅटने, म्हणजे प्रोग्रामच्या पोटात बसणाऱ्या दुसऱ्या एका वेब सर्व्हरने केली होती. त्याच्या डेल्टा मॅनेजरमध्ये प्रत्येक नोडवरच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या प्रत्येक मशीनवरच्या सेशनमधले बदल बाकी सगळ्या नोडच्या मेमरीत पाठवले जातात. नोड एकमेकांना ओळखतात ते मल्टिकास्टने, म्हणजे एकदम सगळ्यांना जाणाऱ्या संदेशाने, 228.0.0.4 हा पत्ता आणि 45564 हा पोर्ट. आमच्या स्विचमधून ते मल्टिकास्ट पलीकडे जाईना. नोडची नावं हाताने लिहून देण्याची सोय टॉमकॅटमध्ये आहे, त्यामुळे तो अडथळा सुटला असता. मी मागे फिरलो ते दुसऱ्या कारणाने. आमच्याकडे नुसता एक सर्व्हर पडत नाही, लाइट जाते तेव्हा सगळंच जातं. दोन्ही मशीनची मेमरी एकदम पुसली गेली तर एकीची नक्कल दुसरीत असून काय उपयोग? कोकणात राहणाऱ्याने सेशन डिस्कवर उतरतं की नाही, हे आधी बघावं.

म्हणून जेटी. 1995 पासून चालत आलेला सर्व्हर आहे, 2009 पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे आहे आणि मुळातच दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात राहायला सोपा. मी जेटी 12 घेतला, जावा 17 वर. त्यात सेशन डेटाबेसात ठेवण्याची सोय तयार आहे. आमचं पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस, आधीपासून होतंच. जेटीने पहिल्याच सुरुवातीला त्यात जेटीसेशन्स नावाचं टेबल स्वतःच बनवलं. सेशनचा क्रमांक, शेवटचा नोड, मुदत संपण्याची वेळ आणि एका रकान्यात सेशनमधला सगळा ऐवज. एक नोड पडला की दुसरा त्या क्रमांकाने टेबलातून सेशन उचलतो. कल्पना एवढी साधी आहे.

कोड पंधरा-वीस ओळींचा, त्यावर फार लिहित नाही. फक्त दोन गोष्टी. प्रत्येक नोडला वेगळं वर्करनेम द्या. काही दिलं नाही तर दोघांचंही नाव नोड0 राहतं आणि कोणतं सेशन शेवटी कोणाकडे होतं ते कळायला मार्ग उरत नाही. त्या नावात टिंब चालत नाही, त्यामुळे आयपी पत्ता नाव म्हणून देऊ नका. आणि सेशनमध्ये जाणारा प्रत्येक ऑब्जेक्ट सीरियलायझेबल, म्हणजे बाइट्समध्ये लिहून ठेवून परत उभा करता येणारा हवा. आमच्या सेशनमध्ये एका जागी डेटाबेसचं उघडं कनेक्शनच ठेवलेलं सापडलं. एका मशीनवर ते इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं. असे कोपरे साफ करण्यात माझे चार दिवस गेले आणि खरं काम तेच होतं.

चाचणी मी आधी घरी घेतली. दोन नोड, पुढे लोड बॅलन्सर म्हणून एचएप्रॉक्सी, आणि एका नोडची प्रोसेस मारली. क्षणात दुसऱ्या नोडने नोंद उचलली. फार आनंद झाला. मग केंद्रावर त्याच मशीनची वायर सॉकेटमधून उपटली आणि टॅबवरचं चक्र अर्धा मिनिट फिरत राहिलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रोसेस मेली तरी मशीन जिवंत असतं, ते लगेच "इथे कोणी नाही" असं उत्तर देतं आणि एचएप्रॉक्सी दुसरीकडे वळतो. वीजच गेली तर उत्तर द्यायलाही कोणी नसतं. एचएप्रॉक्सी मुदत संपेपर्यंत वाट बघतो, आणि ती मुदत मीच 30 सेकंद ठेवली होती. ती 2 सेकंदांवर आणली आणि रीडिस्पॅचचा, म्हणजे न पोहोचलेली विनंती दुसऱ्या नोडकडे वळवण्याचा पर्याय चालू केला. तब्येत तपासणी दर 2 सेकंदांनी, सलग 3 वेळा उत्तर नाही की नोड बाद, हे त्याचे मूळचेच आकडे आहेत, ते तसेच ठेवले. आता वायर उपटली की टॅब थोडा अडखळतो आणि पुढे जातो. ज्यांना ही मांडणी करायची आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: वायर उपटून बघा. नुसती प्रोसेस मारून समाधान मानू नका.

एप्रिल निर्धोक गेला. खरा धडा मेमध्ये मिळाला, आणि तो सर्व्हर पडल्यामुळे नाही, न पडल्यामुळे मिळाला.

आमचं केंद्र खाडीच्या अंगाला आहे. खाऱ्या हवेने नेटवर्क वायरच्या टोकाच्या पिनांवर हिरवट थर चढतो. पहिल्या नोडची वायर अशीच सैल होऊन काही मिनिटं तुटली. नोड आत जिवंत, बाहेरून मात्र दिसेना. एचएप्रॉक्सीने काम दुसऱ्या नोडकडे वळवलं, त्याने टेबलातून सेशन उचललं, अठरा क्रेट झाले होते, पुढचे बारा तिकडे भरले गेले. तेवढ्यात कोणीतरी वायर दाबली. कोणता टॅब कोणत्या नोडकडे जाणार ही वाटणी तेव्हा टॅबच्या पत्त्यावरून होत होती, त्यामुळे टॅब पुन्हा पहिल्या नोडकडे आला. त्या नोडच्या मेमरीत सेशनची जुनी प्रत होती, अठरा क्रेटची. त्याने तीच दाखवली. आणि पुढचा क्रेट भरताच तीच प्रत टेबलातल्या तीस क्रेटच्या नोंदीवर लिहिली. बारा क्रेट गेले.

ताईने कागदावर वजनं लिहून घेण्याची सवय सोडली नव्हती, म्हणून निभावलं. मला रात्री झोप आली नाही. जेटी जे करत होता ते त्याच्या नियमाप्रमाणेच होतं. नेहमीचा सेशन कॅश मेमरीतली प्रत खरी मानतो, प्रत्येक वेळी डेटाबेसात जाऊन विचारत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. नल सेशन कॅश वापरला तर मेमरीत काहीच राहत नाही, प्रत्येक विनंतीला सेशन टेबलातून येतं. किंवा नेहमीचाच कॅश ठेवून इव्हिक्शनचा आकडा 0 करायचा, म्हणजे सेशन वापरणारी शेवटची विनंती संपली की मेमरीतली प्रत टाकून दिली जाते. मूळचा आकडा उणे 1 आहे, म्हणजे कधीच टाकू नका. मी 0 केला. शिवाय वाटणी कुकीवर, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या खुणेवर आणली, म्हणजे एकदा दुसऱ्या नोडकडे गेलेला टॅब तिथेच राहतो. त्यानंतर ती वायर मी स्वतः दहादा काढून-घालून पाहिली. एकही क्रेट हरवला नाही.

त्याच महिन्यात संध्याकाळच्या ऐन गर्दीत लाइट गेली आणि दोन तासांनी आली. सेशनची मुदत मी 4 तास ठेवली होती, टॅब बॅटरीवर चालू होता. सगळी मशीन उठल्यावर ताईने पान ताजं केलं आणि अर्धवट नोंद समोर आली. रांगेत योगायोगाने तेच गेल्या वर्षीचे काका होते. म्हणाले, "माझा वजन गावला मा? मग झाला." आठ महिन्यांतला माझा सगळ्यात मोलाचा क्षण हा.

मृगाच्या पावसात एक वेगळीच अडचण आली. दुसरा नोड म्हणून मी हाताशी असलेला एक छोटा बोर्ड संगणक लावला होता. त्याच्यावर बॅटरीचं घड्याळ नाही. वेळ तो इंटरनेटवरून घेतो आणि बंद पडला तर शेवटी लिहून ठेवलेल्या वेळेपासून पुढे मोजतो. रात्री नऊच्या सुमाराला गेलेली लाइट सकाळी आठला आली, इंटरनेट मात्र आलं नव्हतं. बोर्डाच्या लेखी अजून रात्रीचे नऊच वाजले होते. त्याने टेबलात लिहिलेली सेशनची मुदत रात्री एकची होती. पहिल्या नोडच्या दृष्टीने ती सकाळीच, जन्मतःच संपलेली. जेटीचा हाउसकीपर साधारण दर 10 मिनिटांनी मुदत संपलेली सेशन गोळा करतो. दुसऱ्या नोडच्या सेशनला तो 1 तासाची सवलत देतो, पण इथे सात तास उलटलेले दिसत होते. ताई लॉगिन करायची आणि थोड्या वेळाने आपोआप बाहेर फेकली जायची. कारण शोधायला मला अख्खी दुपार लागली, कारण घड्याळाकडे बघावं असं मनातच आलं नाही. आता बोर्डावर डीएस3231 चं बॅटरीचं घड्याळ आहे, आणि वेळ जुळवणारा क्रोनी हा प्रोग्राम वापरून पहिला नोडच सगळ्यांना वेळ पुरवतो, इंटरनेट असो वा नसो.

पावसाळ्यात कोकम आगळाच्या पाठवणीचंच काम असतं, तेव्हा थोडे प्रयोग केले. सेशन दर विनंतीला टेबलात लिहिलं जातं, ते कमी करावं म्हणून सेव्ह पिरियड, म्हणजे दोन लिखाणांमधला अवधी, 60 सेकंद केला आणि चाचणीत वजनं दिसेनाशी झाली. सेशनमधल्या यादीत आपण नुसतं नवं वजन ढकललं तर सेशन बदललं हे जेटीला कळत नाही. सेशनमध्ये किंमत ठेवणारं सेट अॅट्रिब्यूट पुन्हा बोलावलं तरच कळतं. आकडा 0 असताना तो एरवीही लिहीत होता म्हणून आमची ही चूक झाकली गेली होती. कोड दुरुस्त केला आणि आकडाही परत 0 केला. आमच्या एवढ्याशा कामाला पोस्टग्रेसवर काही ताण येत नाही.

काही गोष्टी फेलओव्हरकडून मागूच नयेत. सर्व्हर पडत असताना नेमकी वाटेत असलेली एक विनंती पोहोचली की नाही, हे सेशन सांगू शकत नाही. ताई पुन्हा बटण दाबते आणि एकच क्रेट दोनदा चढू शकतो. म्हणून प्रत्येक क्रेटच्या फॉर्मला आम्ही अनुक्रमांक दिला. तोच अनुक्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर तो सोडून देतो. बागायतदाराच्या पैशांचा प्रश्न आहे, तिथे अंदाज चालत नाही.

एक अनपेक्षित सुख मात्र मिळालं. प्रोग्राममध्ये दुरुस्ती करायची तर पूर्वी रात्री अकराला केंद्रावर जावं लागे. आता भर दुपारी एक नोड बाजूला काढतो, नवी जार टाकतो, परत लावतो, मग दुसरा. काट्यावर कोणाला पत्ताही लागत नाही. मात्र सेशनमध्ये जाणाऱ्या क्लासना सीरियल व्हर्जन यूआयडी, म्हणजे क्लासच्या आवृत्तीचा क्रमांक, स्वतः लिहून द्या, नाहीतर क्लासमध्ये बदल केला की जुन्या नोडने लिहिलेलं सेशन नवा नोड उघडूच शकत नाही.

राहिलेली उणीव सरळ सांगतो. एचएप्रॉक्सी आणि पोस्टग्रेस तिसऱ्या मशीनवर आहेत आणि ते मशीन पडलं तर सगळं थांबतं. त्याला चांगला यूपीएस आहे, पहिल्या नोडवर पोस्टग्रेसची स्ट्रीमिंग रेप्लिका, म्हणजे सतत ताजी होणारी नक्कल आहे, पण वेळ आली तर तिला हाताने पुढे आणावं लागेल. दोन एचएप्रॉक्सी आणि कीपअलाइव्हडी या प्रोग्रामने एकाकडून दुसऱ्याकडे फिरता पत्ता, हे पुढचं पाऊल आहे. तेवढं झाल्याशिवाय या मांडणीला मी पूर्ण म्हणणार नाही.

कोणी घ्यावं? ज्यांचा प्रोग्राम जुना आहे, सेशनवर बेतलेला आहे आणि हंगामाआधी नव्याने लिहायला वेळ नाही, त्यांनी नक्की घ्यावं. नवा प्रोग्राम लिहिणाऱ्याने मात्र वजनासारखी मोलाची गोष्ट सेशनमध्ये ठेवूच नये, थेट टेबलात लिहावी. आम्हीही ते करतोय. दिवाळीनंतर वजनांचं वेगळं टेबल होईल. सेशनमध्ये राहील ते लॉगिन, निवडलेला बागायतदार आणि अर्धवट भरलेला एखादा फॉर्म. आणि मोहोर यायच्या आत खाडीकडच्या सगळ्या वायरींची टोकं बदलून घेणार आहे.