पाऊस मोजायचं साधं प्लॅस्टिकचं यंत्र, दोन वर्षं वापरून

डिजिटल नको म्हणून मुद्दाम साधा हाताने वाचायचा पर्जन्यमापक घेतला, वर नरसाळं, आत बारीक नळी, बाहेर मोठा डबा. आतली नळी २५ मिलीमीटरला भरते आणि पुढचं पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं, ते नंतर नळीत ओतून मोजायचं, त्यामुळे ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी हिशोब चुकत नाही. हे डिझाईन मला जाम आवडलं.

१ मिलीमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर, म्हणजे एकरभर रानावर साधारण ४ हजार लिटर! हे कळल्यापासून "बरा झाला पाऊस" एवढ्यावर माझं भागतच नाही.

तक्रारी आहेतच. पहिल्या उन्हाळ्यात आकडे फिके पडले, नळीत शेवाळं धरतं, आणि स्टँडचा स्क्रू तर अगदीच फालतू. भिंतीजवळ किंवा झाडाखाली लावू नका, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा, मी आधी कुंपणाला टेकवून लावला होता आणि महिनाभराच्या नोंदी वाया गेल्या 😅

पण खरी मजा वहीत आहे. कोरियात १४४१-४२ मध्येच सेजोंग राजाच्या काळात असं भांडं बनवून गावोगावचा पाऊस लिहायला सुरुवात झाली होती, आणि आपल्याकडे म्हातारी माणसं "त्या पुराच्या साली" म्हणतात पण साल विचारलं की दोघांची दोन उत्तरं. हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांच्या नोंदी धरतात, माझी आत्ता कुठे दोन झालीत.

पाचपैकी चार स्टार, एक त्या स्क्रूचा कापला.