लेबल प्रिंटर, ड्यूईचे आकडे आणि एक पावसाळा: आठ महिन्यांनंतर

चवथीच्या साफसफाईला पुस्तकांचं कपाट उघडलं आणि निम्म्या पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे गायब! म्हणून हे लिहायला बसलो.

प्रिंटर जानेवारीत घेतला. थर्मल, म्हणजे उष्णतेने लेबल छापणारा, ब्लूटूथवाला. ‘शाई लागत नाही’ एवढ्यावर भुललो. घरची चारशे पुस्तकं ड्यूई दशांश पद्धतीने, म्हणजे ग्रंथालयात विषयाप्रमाणे आकडे देतात तशी, लावायची हौस होती. पद्धत 1876 सालची, अमेरिकेतली. मराठी घरात तिची गंमतच होते. मराठी साहित्य सगळं 891.46 मध्ये: कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी 891.463. तीनशे पुस्तकांना हेच तीन आकडे. आख्खा रोल संपवून कळलं काय, तर माझ्याकडे कादंबऱ्या जास्त आहेत. कोंकणी 891.469, म्हणजे मराठीच्याच खणात शेवटी. हे मी बायकोला हसत हसत सांगितलं. ती मडगावची. त्याच संध्याकाळी कोंकणी पुस्तकं तिच्या कपाटात गेली, साड्यांखाली.

आता खरी तक्रार: टेप. जूनमध्ये दमट हवेने लेबलांचे कोपरे सुटायला लागले, म्हणून मी एकेका लेबलावर पारदर्शक टेप लावली. तीन रविवार आणि 240 रुपये गेले. थर्मल कागदावर उष्णतेने काळा पडणारा थर असतो, आणि टेपचा डिंक नेमका त्याच थराला खातो. म्हणजे जी लेबलं मी जपली तीच कोरी झाली. आळसाने सोडलेली अजून वाचता येतात. कस्टमर केअरला चार फोन केले. ‘सर, टेप लावायची नसते.’ खोक्यावर कुठे लिहिलंय? ‘फीडबॅक नोंदवून घेतो.’

मार्चमध्ये मी याला पाच तारे दिले होते. ते परत घेतो.

पण थांबा. चवथीला भाची आली. टेपवर परमनंट मार्कर छान बसतो हा शोध तिचा. तिने खण पाडले: ‘पावसात फुगलेली’, ‘शेजाऱ्यांची, आता आपलीच’, ‘मामा वाचल्यासारखं दाखवतो ती’. शेवटच्या खणात सतरा निघाली, मी मोजली. खोटं वाटेल, पण आता कुठलंही पुस्तक अर्ध्या मिनिटात सापडतं. फक्त शेजारचे काका आरतीला आले ते नेमके दुसऱ्या खणासमोर उभे राहिले. जाताना दोन पुस्तकं काखेत मारून गेले, एक शब्द न बोलता.

मार्कर 30 रुपयांचा. प्रिंटर कितीचा ते घरात सांगितलेलं नाही.

मग तो स्वयंपाकघरात दिला, बरण्यांसाठी. गॅसशेजारच्या सोलांच्या बरणीवरचं लेबल आठवड्यात आख्खं काळंकुट्ट. पुस्तकांवर पांढरं, बरणीवर काळं. मधलं काही याला जमत नाही.

दोन तारे, तेही बॅटरी चांगली म्हणून. दीड रोल शिल्लक आहे. फोंड्यात कुणाला हवा असेल तर शंभर रुपयांत देतो, उरलेली टेप फुकट.