उपासाचा डबा लावलाय ऑफिसमध्ये, त्याचा रिव्ह्यू (ठाणे-ऐरोलीवाल्यांसाठी)

आधीच सांगते, नाव टाकत नाहीये. काकू घरातूनच करतात, हाताखाली दोन बायका आहेत, एकादशीला त्यांची ऑर्डर तशीही फुल असते आणि खाली मी थोडी तक्रार पण केलीये, तर उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. पण या पट्ट्यात उपासाचे डबे देणारे आता बरेच झालेत, त्यामुळे लावताना काय विचारायचं ते तरी यातून कळेल.

माझं प्रकरण असं की संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि श्रावणातले सोमवार, ही माहेरची सवय, सुटत नाही आणि सोडायची पण नाहीये. राहायला डोंबिवली, ऑफिस ऐरोलीला. सकाळी सातच्या आत घराबाहेर, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर पकडायची, तेव्हा रात्री साबुदाणा भिजवायचं लक्षात राहिलं तर ठीक नाहीतर कॅन्टीन. आणि कॅन्टीनच्या उपासाच्या खिचडीत मोहरी दिसते. पोह्यांतला झारा तोच खिचडीत घालतात, विचारलं तर म्हणतात मॅडम काही नाही होत. मग दिवसभर केळं आणि चहा, चार वाजता पित्ताने डोकं धरलेलं, आणि घरी गेल्यावर सगळा राग पोरांवर निघतो. असल्या उपासाने कुठला देव प्रसन्न होणार.

तर या काकूंचा नंबर ऑफिसमधल्या एकीने दिला. मेसेज केला की आधी मेन्यू येईल असं वाटलं होतं, आले प्रश्न. तुमच्याकडे जिरं चालतं का? कोथिंबीर? आलं? मीठ साधं की सैंधव? एकादशीला वरी चालते का? एकादशी स्मार्त धरता की भागवत? हा शेवटचा प्रश्न वाचून मी तिथेच अर्धी पटले. कारण काही वेळा पंचांगात दोन दिवस लागोपाठ एकादशी येते, आदल्या दिवशी स्मार्त आणि दुसऱ्या दिवशी भागवत, आमच्या घरी वारकरी वळण त्यामुळे भागवत, आणि हे हॉटेलवाल्याला समजावत बसायचं म्हणजे कठीणच. इथे एकदा सांगितलं की नोंद झाली. आमच्याकडे एकादशीला वरी नाही, संकष्टीला चालते, तेही बरोबर पाळतात. माझ्या शेजारी बसते ती कानपूरची, तिचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो (त्यांचा महिना पौर्णिमेनंतर लागतो, आपला अमावास्येनंतर), तिचे सोमवार पण काकूंनी वेगळे लिहून घेतलेत आणि तिला खिचडीत हिरवी मिरचीऐवजी काळी मिरी असते. एकाच ऑफिसात दोन डबे, दोन पद्धती, कुणाचा घोळ नाही.

सोवळ्याचं मी मुद्दाम विचारलं होतं कारण सासूबाई विचारणारच होत्या. काकू स्पष्ट म्हणाल्या, "ताई, सोवळ्यात नाही हो जमत, खोटं कशाला सांगू. पण उपासाची भांडी वेगळी, तूप वेगळं, आणि त्या दिवशी कांदा-लसूण घरात चिरतच नाही." मला हे उत्तर फार आवडलं. सासूबाईंना एवढं नाही आवडलं, त्या म्हणाल्या बाहेरचं ते बाहेरचं. त्यांचा उपास त्या पाळतात, माझा मी पाळते, विषय संपला.

दुसरा प्रश्न भगरीचा (म्हणजे वरीचाच), आणि हा तुम्ही कोणालाही विचाराच. दर नवरात्र-शिवरात्रीच्या तोंडावर एफडीए (अन्न व औषध प्रशासन) सांगत असतं की सुटी भगर आणि सुटं भगरीचं पीठ घेऊ नका, कारण नीट ठेवलेली नसेल तर भगरीला बुरशी लागते आणि मग उलट्या, चक्कर, गावच्या गाव दवाखान्यात गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. पीठ तर ओल जास्त धरतं. काकू पाकीटबंद भगर आणतात, निवडून धुऊन घेतात आणि पीठ लागेल तेवढंच घरी काढतात. "दळलेलं आणत नाही" एवढं समोरून ऐकलं की निम्मी काळजी मिटते.

आता चवीचं. साबुदाणा खिचडी एक नंबर, दाणा मोकळा, कूट अगदी भुगा नाही तर जाडसर, त्यात अख्ख्या दाण्याचा तुकडा दाताखाली येतो, बटाट्याच्या काचऱ्या कडेने जरा तांबूस झालेल्या, आणि वर ओलं खोबरं. साडेबाराला आलेला डबा दीडला उघडला तरी गोळा झालेला नसतो हे फार मोठं काम आहे, कारण ते सगळं भिजवण्यावर असतं. पाणी दाण्याच्या जेमतेम वर ठेवायचं, हे माझ्या आईला जमतं, मला अजून शंभर टक्के नाही. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पण छान, आमटीत आमसूल असतं, चिंच नाही. रताळ्याचा कीस गोडसर, त्याला तूप-जिऱ्याची फोडणी, ते मी जास्त मागवते. थालीपीठ मात्र नका घेऊ, डब्यात वाफ धरून लेदर होतं, चावून चावून जबडा दुखतो.

आणि यांच्याकडे एक "उपवास स्पेशल थाळी" आहे, 220 रुपये. त्यात खिचडी, वडे, वरी, आमटी, बटाटा भाजी, राजगिऱ्याची पुरी, श्रीखंड. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. एकदा टीमने मिळून मागवली, आणि रमजानमध्ये दिवसभर पाणीसुद्धा न पिता काम करणारा आमचा एकजण माझं ताट बघून म्हणाला, हा उपास मला पण लावा. सगळे हसले, मी पण हसले, पण पटलं. तसं बघायला गेलं तर साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची यातलं मूळचं आपल्याकडचं काहीच नाही, सगळं अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या वाटेने वगैरे आलेलं, साबुदाणा ज्या कंदाचा तो पण तिकडचाच, आणि आता तो बहुतेक तमिळनाडूत सेलमकडे बनतो. म्हणजे जुन्या काळी लोक उपासाला हे खात नव्हतेच. ते ऐकून मी काही खिचडी सोडणार नाहीये, पण थाळी सोडली. 90 रुपयात त्यांचा एक साधा डबा आहे, ताक, दोन फळं, राजगिऱ्याचा लाडू आणि थोडे उकडलेले शेंगदाणे. एकादशीला मी आता तोच घेते. दुपारी डोळे मिटत नाहीत, चारचा कॉल नीट होतो, आणि जाताना गाडीत मोबाईलवर हरिपाठ लावून ऐकावा एवढं डोकं शिल्लक असतं. थाळी खाल्ली की गाडीत फक्त झोप येते. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर खिचडी रोजच्या सवयीने घेऊच नका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि उपास करायचा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा, काकूंना नाही.

संकष्टीची त्यांची सोय खास आहे. चंद्रोदय कधी साडेआठला तर कधी पार दहाच्या पुढे, मी त्या वेळेला धड घरी पोचून ओटा सुद्धा पुसलेला नसतो. त्यांचा "उपास सोडायचा डबा" संध्याकाळी स्टेशनबाहेरून उचलायचा, त्यात वरण-भात, अळूची किंवा भोपळ्याची भाजी, लिंबाची फोड आणि पाच उकडीचे मोदक. घरी जाऊन आंघोळ, अथर्वशीर्ष, आरती, नैवेद्य, मग कालनिर्णयमध्ये वेळ बघून जेवण, कारण पावसाळ्यात डोंबिवलीत चंद्र दिसतोय कुठे. मोदक विकतचे चालतात का यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे. माझं मत, ओट्यापाशी करवादत केलेल्या मोदकांपेक्षा हे बरे, निदान आरतीला मी माणसासारखी उभी राहते.

बारस सोडायला सकाळचं काही देत नाहीत, ते द्यायला हवं, द्वादशीला सातच्या गाडीआधी पारणं करायचं म्हणजे परत धावपळच.

आता तक्रार. डिलिव्हरी. पोरगा एकच आणि बिल्डिंगा दहा, पाऊस असला की साडेबाराचा डबा दोनला येतो आणि फोन बंद. आषाढीला तर अडीच वाजले, त्यात डब्याची अदलाबदल, मला कुणाचीतरी वरी आली जी मला चालत नव्हती. काकूंनी पैसे परत केले, सॉरी म्हणाल्या, पण त्या दिवशी मी केळ्यावरच होते ना. इतके बारीक प्रश्न विचारून घ्यायचे आणि डब्यावर नाव पुसट पेनाने लिहायचं याला काय अर्थ आहे. स्टिकर लावा, मी दोनदा सांगितलंय. प्लास्टिकचे डबे पण बंद करा, स्टीलचे परत घ्यायची सोय केली तर आम्ही डिपॉझिट भरू.

पैशाचं, खिचडी 130, वरी-आमटी 150, संकष्टीचा रात्रीचा डबा 240 मोदकांसकट. स्वस्त नाही, पण मोदकांचा भाव बघता लुबाडत पण नाहीत. महिन्याचं आगाऊ भरलं तर थोडं कमी करतात. अंगारकी आणि श्रावणी सोमवारसाठी आठवडाभर आधी सांगा, नवरात्रीच्या नऊ दिवसांचं बुकिंग पितृपक्षातच भरतं. आणि यादी पाठवताना वरी चालते की नाही ते पहिल्या ओळीत लिहा.