नेटफ्लिक्सवरचं एनएक्सटी: पोरं भारी, पण जीव लावायची भीती वाटते

एप्रिल 2025 ला डब्ल्यूडब्ल्यूई (अमेरिकन कुस्तीचा शो, हार-जीत आधीच ठरलेली) आपल्याकडे सोनीवरून उठून नेटफ्लिक्सवर आलं, तेव्हापासून मी त्यांच्या रॉ-स्मॅकडाऊन या मोठ्या शोंपेक्षा नव्या पोरांचं एनएक्सटीच जास्त बघतोय. बुधवारी पहाटे साडेपाचला लाइव्ह लागतं (थंडीत साडेसहाला, तिकडची घड्याळं मागे जातात म्हणून), गॅसवर दूध, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला, आणि मागून आईचं चालू, अरे सगळं खोटं असतं ते. असतंच गं, म्हणून काय झालं.

पोरं खरंच भारी आहेत. ऑरलँडोचं परफॉर्मन्स सेंटर 2013 ला उघडलं, तालीमच म्हणा ती, फक्त लाल मातीऐवजी सात रिंग आणि माइकवर बोलायचं पण शिकवतात. 2021 च्या शेवटी त्यांनी कॉलेजातले खेळाडू उचलायची स्कीम काढली, ओबा फेमी त्यातलाच, मूळचा नायजेरियाचा, अलाबामा युनिव्हर्सिटीकडून गोळाफेक करायचा. समोरच्याला गोणीसारखं वर उडवतो, खाली येताना झेलतो आणि तिथूनच पॉवरबॉम्ब, म्हणजे थेट पाठीवर आपटतो! नॉर्थ अमेरिकन टायटल (एनएक्सटीचाच एक बेल्ट) 273 दिवस ठेवलं पठ्ठ्याने आणि जानेवारी 2025 ला एनएक्सटी चॅम्पियन. टिफनी स्ट्रॅटन पण एनएक्सटीतूनच वर, म्हणजे रॉ-स्मॅकडाऊनकडे गेली, आधी जिम्नॅस्टिक्स करायची आणि ते तिच्या मूनसॉल्टमध्ये (वरून उलटी कोलांटी मारून समोरच्यावर पडायचं) दिसतं.

आता दुसरी बाजू. ही पोरं वर जातात आणि मग एखाद्या शुक्रवारी बातमी येते की अमक्याला नारळ दिला. कंपनीचं ठरलेलं वाक्य, पुढील वाटचालीस शुभेच्छा, त्याचा तर फॅन लोकांनी जोकच करून टाकलाय. डकोटा कायचंच घ्या, 13 जानेवारी 2025 ला रॉवर पहिल्यावहिल्या विमेन्स इंटरकॉन्टिनेन्टल टायटलची फायनल खेळली, लायरा व्हॅल्कीरियाकडून हरली पण मॅच एक नंबर, आणि 2 मेला बाहेर. त्याच दिवशी ब्रॉन स्ट्रोमनला पण काढलं, त्याला तर दुसऱ्यांदा, आधी 2021 ला काढून 2022 ला परत आणला होता. हे काय लॉजिक आहे?

मला सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या भारतातल्या वीर महानचं. महिनोन्महिने नुसत्या जाहिराती, वीर महान येतोय, येतोय, शेवटी 4 एप्रिल 2022 ला आला आणि रे आणि डॉमिनिक मिस्टेरिओ या बापलेकाला धुतला. माझा भाचा तेव्हा सात वर्षांचा, देवघरातलं भस्म कपाळाला फासून डोळे वटारत घरभर फिरायचा, सोफ्याच्या उशांना चोपायचा. पुढे वीर, 'सांगा' नावाचा पैलवान आणि जिंदर महाल असा ग्रुप केला, जानेवारी 2024 ला जिंदरला सेथ रोलिन्ससमोर वर्ल्ड टायटलची मॅच दिली, आपण खुश, आणि एप्रिलमध्ये तिघांनाही नारळ. भाच्याला मी सांगितलंच नाही, त्याला शाळेत कळलं.

फॅन लोकांनी आरडाओरडा केला तर कधीकधी उपयोग होतो हे पण खरं. आर-ट्रुथ या जुन्या पैलवानाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही अशी बातमी 1 जून 2025 ला आली, पब्लिक पेटलं, आणि 7 जूनला मनी इन द बँक या मोठ्या शोमध्ये हुडी घातलेला माणूस येऊन जॉन सीनाला बेल्टने हाणतो तर तो आर-ट्रुथ! मी सकाळी सकाळी एवढा ओरडलो की शेजारच्या काकू विचारायला आल्या काय झालं. पण असं नशीब सगळ्यांचं नसतं, डकोटासाठी पण लोक हळहळले, तिला काही लगेच परत बोलावलं नाही.

तर एनएक्सटीला माझ्याकडून पाचपैकी चार. नवीन असाल तर ओबा फेमीच्या मॅचेसपासून सुरू करा. फक्त आवडला म्हणून लगेच त्याचा टी-शर्ट मागवू नका.